डावा कान

सोहारच्या बंदरात एकोणीस वर्षं
क्रेनखाली उभा राहून हातवारे करतो मी.
दर मार्चला कंपनीची तपासणी :
वजन, डोळे, रक्त, आणि ती काचेची पेटी,
आत बसायचं, कानात आवाज आला की बटण दाबायचं.

डाव्या कानात काही येत नाही.
पण काचेपलीकडे बिजूचा अंगठा दिसतो,
तो कळ फिरवतो, मी बटण दाबतो.
आमचं बरं जमलंय.
बिजूला माहीत असावं. त्यानं कधी विचारलं नाही.
अहवालावर हिरवा शिक्का बसतो,
त्या शिक्क्यावर घरभाडं, शाळेची फी,
कुडाळला आईच्या गोळ्या.

आज जेवणाच्या टेबलावर हेमांगीचा फॉर्म.
भोपाळला पाच दिवस मुलाखती देऊन आली,
अधिकारी म्हणून निवडली गेली, छातीवरच्या अकरा नंबरासकट
फोटो आहे फ्रीजवर.
आता वैद्यकीय मंडळ तेवढं उरलं.
प्रश्न सतरावा : पूर्वी हाड मोडलंय? शस्त्रक्रिया? शरीरात धातू?
पुढे दोन चौकोन.

शाळेच्या बास्केटबॉल कोर्टवर
वारा रोज वाळू आणून टाकतो.
रोज झाडतात, रोज येते.
अकरावीत तिचा घोटा त्या वाळूवर फिरला
आणि आवाज झाला म्हणे, सुपारी फुटावी तसा.
पट्टी, सहा स्क्रू. दीड वर्षानं काढले.
हलव्याच्या रिकाम्या डब्यात आहेत, हलवला की वाजतात
(मला उजवीकडून).
शमसा नावाची फिजिओथेरपिस्ट
तिला पहाटे समुद्राच्या ओल्या रेतीवर अनवाणी चालवायची,
शुवय्या, शुवय्या,
आणि मागे वळून स्वतःची पावलं बघायला लावायची.
डावं पाऊल आधी उथळ उमटायचं.
मग दोन्ही सारखी.

मी म्हटलं, "नाही"वर खूण कर.
धावतेस, दोरावर चढतेस, कुठे दुखतंय तुला?
व्रण काय, मोज्यात जातो.

ती म्हणाली, स्क्रूंची भोकं एक्स-रेत दिसतातच, बाबा.
आणि ती दिसली
की प्रश्न घोट्याचा राहत नाही.

बायको भाकरी थापत होती. थापायची थांबली.
मग हेमांगी अजून काहीतरी बोलली, हळू,
माझ्या डाव्या बाजूनं.
मी मान डोलावली.
तिनं माझ्याकडे पाहिलं बराच वेळ
आणि पुन्हा बोलली नाही ते वाक्य.

रफीकुलही डावीकडूनच ओरडला होता.
साखळी सरकली तेव्हा.
सगळे म्हणाले, यंत्राच्या गोंगाटात कोणाला ऐकू येणार.
मीही तसंच म्हटलं, लिहून दिलं.
त्याची दोन बोटं गेली, तो नोआखालीला गेला.
ईदला मेसेज करतो अजून, डाव्या हातानं,
फुलांचं चित्र पाठवतो.

तिनं "होय"वर खूण केली.
पेन जोरात दाबून, खालच्या पानावर उमटेल इतकं.
मग कागद लावले एकामागे एक :
ऑपरेशनची नोंद, आधीचा एक्स-रे, नंतरचा,
स्क्रू काढल्याचं पत्र,
शमसाची अरबी सही, उजवीकडून डावीकडे वाहत गेलेली.
एका जागी तारीख चुकली होती
तर दवाखान्यात फोन करून दुरुस्त करून घेतली.
माझ्याकडे तिनं फक्त स्टेपलर मागितला.

कदाचित "तात्पुरती अपात्र" म्हणतील.
कदाचित पुन्हा बोलावतील, वाकवून बघतील,
उकिडवं बसवतील, पंज्यावर उभं करतील.
काय होईल ते मला सांगता येत नाही.
ती आत्ता गच्चीवर दोरीच्या उड्या मारतेय,
छत हादरतंय, ते मात्र
मला पायांतून कळतंय.

मार्चला बारा दिवस आहेत.
मी जिन्यात जाऊन बिजूला फोन लावला.
म्हटलं, यंदा पेटीतली खुर्ची भिंतीकडे फिरव.
मला तुझा हात दिसायला नको.

तो बराच वेळ काही बोलला नाही.
की बोलला असेल.
फोन मी डाव्या कानाला धरला होता.